पृथ्वी चपटी आहे, साहेब

बत्तासा माझ्या कपाळावर बसला. टक्क. ओसरीवरचे सगळे हसले.

मी खाली अंगणात उभी. झेलायला हात पुढे केले होते, पण नजर साहेबाच्या बुटांवर होती. इतके चकचकीत बूट आमच्या गावात कधी आले नव्हते. बत्तासा कपाळावर फुटला आणि धुळीत पडला. मालगुजाराचा कुत्रा धावत आला. मी वाकले, कुत्राही वाकला. कुत्रा जिंकला.

"जपानची राजधानी येते, पण बत्तासा झेलता येत नाई," मालगुजार म्हणाला. "इचारा साहेब, अजून इचारा."

साहेबानं एकदा कुत्र्याकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. मग मिशीत हसला.

"रशियानं नुकतीच एक कुत्री आकाशात पाठवली. तिचं नाव काय?"

"लायका," मी म्हटलं.

"वा! मालगुजार, रशियाची लायका वर गेली आणि तुमची ही इथं खाली उभी आहे!"

पुन्हा हसू. नोकरसुद्धा हसले. त्या क्षणापासून त्या वाड्यावर माझं नाव लायका पडलं. माझं खरं नाव तिथं कुणाला माहीत नव्हतं, त्यामुळे बदलायला काही त्रास झाला नाही.

आता हा खेळ काय होता, ते सांगते. सांगायला मजा येते. तेव्हा आली नव्हती.

सत्तावन्न सालचा हिवाळा. धान कापून झाला होता. आमचं गाव वैनगंगेच्या काठचं, मार्कंड्याच्या यात्रेला आम्ही पायी जायचो इतकं जवळ. तेव्हा गडचिरोली हा वेगळा जिल्हा नव्हता, सगळा चांदाच. मालगुजारी, म्हणजे गावाची जमीनदारी, कायद्यानं गेली होती. मालगुजार गेला नव्हता. तलाव सरकारजमा झाला होता, पण जाळ्यातला पहिला मोठा मासा अजून त्याच्याच चुलीकडे चालत जायचा. आम्ही ढिवर. बाप जाळं टाकायचा, माय टोपली डोक्यावर घेऊन विकायची.

मासोळी पळसाच्या पानात जाते. पण मीठ, चहा, गूळ घरी येतो तो वर्तमानपत्राच्या पुडीत. त्या पुड्या माझ्या. मी चुलीत जाऊ द्यायची नाही. मीठ झटकायचं आणि वाचायचं. त्यामुळे मला जगातलं सगळं अर्धं अर्धं माहीत होतं. एव्हरेस्टवर माणूस चढला हे मला कळलं, पण कागद तिथंच फाटलेला. तो खाली उतरला की वरच बसला आहे, या काळजीत मी किती दिवस काढले! ऑलिंपिकात आपण हॉकी जिंकलो, हे गुळाच्या पुडीवर होतं. तो कागद मी वाचला आणि चाटलाही.

शाळेत गुरुजींच्या लक्षात आलं. त्यांच्या पुस्तकात आपल्या राज्याची राजधानी नागपूर होती. आदल्या वर्षी राज्यं बदलली आणि उत्तर मुंबई झालं. ते वर्गात आधी मी सांगितलं. गुरुजी चमकले. त्यांनी आणखी विचारलं, मी आणखी सांगितलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी मला मालगुजाराकडे नेलं. गुरुजी वाईट नव्हते. भित्रे होते. आमच्यासारख्या गावात दोन्हीचा परिणाम सारखाच व्हायचा.

वाड्याच्या ओसरीवर पाय ठेवायच्या आधी मालगुजार ओरडला, "खालीच राह्य. मासोळीचा वास येते."

मासोळी त्याच्या ताटात असली की तिला वास नसायचा.

मग रीतच पडली. पाहुणा आला की मला बोलावणं. कधी जंगलाचा ठेकेदार, कधी शिकारीला आलेला वकील. ते वर लोड-तक्क्याला टेकून बसायचे, मी खाली उभी. ते विचारायचे, मी सांगायची. बरोबर आलं की वरून बत्तासा. मालगुजाराकडे पूर्वी चावीचा ग्रामोफोन होता. तो बिघडल्यापासून मी होते. ग्रामोफोनला निदान गादीवर ठेवायचे.

तुम्ही म्हणाल, मग जायची कशाला?

गावातली शाळा चौथीपर्यंत. मी चौथीत. पुढे शिकायचं तर चांद्याला, मुलींच्या वसतिगृहात. तिथं जागा मिळायला शाळाखात्यातल्या साहेबाचा शब्द लागायचा आणि साहेबापर्यंत पोचायला मालगुजाराचा. मालगुजार दर खेपेला म्हणायचा, "साहेब येऊ दे. त्याच्यासमोर बोल. तुही जागा पक्की."

मला ती जागा इतकी हवी होती की झोपेतही माझे पाय हलायचे. माय म्हणायची, "निजतेस का चांद्याले चालून राह्यलीस?" आणि मी कुरकुर केली की म्हणायची, "चार बत्तासे अंगावर पडले तं माणूस मरत नाई. उभी राह्य. जाऊन ये."

तर त्या दिवशी तो साहेब आला होता. तपासणीला आला होता की सांबराच्या मटणाला, ते मला आजही सांगता येणार नाही. शाळेत तो थोडा वेळ होता, वाड्यावर बराच वेळ. त्याच्यासाठी मासोळीही सांगितली होती. म्हणून मायही आली होती. टोपली घेऊन ती मागच्या भिंतीशी उभी होती, कुणी आत बोलावेल म्हणून. गुरुजी ओसरीच्या कोपऱ्यात, अर्धे खांबामागे.

लायकाचं हसू ओसरलं. साहेब तांब्यातून पाणी प्यायला आणि त्याला माय दिसली.

"ही कोण?"

"हिची माय," मालगुजार म्हणाला.

"आईलाही येतं का काही?"

"तिले?" मालगुजारानं मांडीवर थाप मारली. "तिले तिचं वय सांगता येत नाई! थांबा, गंमत पाहा. ए लायके, इचार तुह्या मायले. पृथ्वी गोल हाय का चपटी? इचार!"

मायनं टोपली खाली ठेवली. पदर सारखा केला. पुढे आली. आणि हसली.

ते हसू मी कधी पाहिलं नव्हतं. घरी माय हसली की शेजारची म्हातारी कुडाच्या पलीकडून विचारायची, "का झालं वं?" इतकं मोठं तिचं हसू. हे तसं नव्हतं. हे ओठांनी केलेलं होतं. मालगुजाराच्या घरचा उंबरा धुताना बायका तोंड जसं ठेवतात, तसं.

ती माझ्या जवळ आली आणि हळूच म्हणाली, "इचार ना बाई. हसतीन तं हसतीन. साहेब खूश होऊ दे."

माझे पाय एका जागी ठरेनात. एका पायानं दुसऱ्या पायाचा घोटा घासत होते. इतके दिवस मला वाटायचं, मी हुशार आहे म्हणून हे लोक मला बोलावतात. त्या क्षणी कळलं. त्यांना जपान नको होतं, एव्हरेस्ट नको होतं. ढिवराची पोर पोपटासारखी बोलते, याची त्यांना गंमत होती. आणि आता माझ्याच ज्ञानाचा धोंडा करून तो मी माझ्या मायच्या डोक्यात घालावा, ही पुढची गंमत.

"इचार!" मालगुजार गुरकावला.

मी मायला विचारलं नाही. साहेबाकडे वळले. माझा आवाज नेहमीपेक्षा मोठा निघाला.

"चपटी."

"काय?" साहेब म्हणाला.

"पृथ्वी चपटी आहे, साहेब. काठावर कोणी जाऊ नये. पाय घसरते."

मग साहेब हसला. त्याला वाटलं, घाबरली. "बरं, आपल्या राज्याची राजधानी?"

मुंबई जिभेवर येऊन बसली. मी ती गिळली. सांगते, खरं उत्तर गिळणं फार अवघड असतं. आवंढ्यासारखं ते अर्ध्यावर अडतं.

"लंडन."

"ऑलिंपिकात आपण कोणता खेळ जिंकतो?"

"गोट्या."

कोपऱ्यात गुरुजी खोकले. मालगुजाराची मान लाल व्हायला लागली. आणि मला, काय सांगू, एकदम मोकळं वाटायला लागलं. नाटकातल्या नटीसारखी मी कमरेवर हात ठेवला.

"जगातलं सगळ्यात उंच शिखर?" साहेब आता हसत नव्हता.

एव्हरेस्टची मी मनात माफी मागितली. "मालगुजाराची माडी."

"पाणी कशापासून बनतं?"

"माशाच्या मुतापासून, साहेब. आमी ढिवर आहो, आमाले ठाऊक."

साहेबानं हातातला तांब्या खाली ठेवला.

मालगुजार उठला. इतक्या दिवसांत पहिल्यांदा तो माझ्यासाठी ओसरीवरून खाली उतरला. मारायला. एक थप्पड अशी बसली की कानात तलावाच्या सांडव्याचा आवाज सुरू झाला. मासोळीचा वास त्याला त्या वेळी आला नाही.

माय त्याच्या पायावर पडली. "ताप आहे मालक तिले. तापात बडबडून राह्यली. माफ करा, मालक."

"ताप नाई मले," मी म्हटलं.

"चूप!" माय ओरडली. मालगुजारावर नाही. माझ्यावर.

घरी जाताना तलावाच्या पाळीपर्यंत, त्या मातीच्या बांधापर्यंत, ती भराभर चालली. मी मागं, ती पुढं, टोपली तिच्या कमरेला. पाळीवर ती थांबली आणि वळली.

"तुले येत होतं ना सगळं?"

"हो."

"मंग काऊन?"

"तू हसून राह्यली होतीस."

"हसली तं का बिघडलं? माह्या हसण्यानं तुही शाळा होत होती. माह्या हसण्याले का दाम लागते?" तिचा आवाज चिरकला. "आपल्या घरात जे होतं, ते देऊन राह्यली होती मी. दुसरं का होतं माह्यापाशी?"

जगातल्या नद्या, राजधान्या, शिखरं, सगळ्यांची उत्तरं माझ्याकडे होती. याला नव्हतं. मी पाळीवरची माती पायाच्या अंगठ्यानं उकरत राहिले. माय चालू लागली.

सकाळी तिनं मला अंगणात बसवलं आणि केसांना तेल लावलं. मला कळलं, कुठं न्यायची तयारी आहे ते. तेवढ्यात गुरुजी आले. धापा टाकत, टोपी हातात.

"साहेब अजून गेले नाहीत," ते म्हणाले. "मी रात्रभर विनवण्या केल्या. मालगुजार तयार आहेत. तू फक्त यायचं, त्यांच्या पाया पडायचं आणि साहेबांसमोर एकच वाक्य बोलायचं. पृथ्वी गोल आहे. बस. साहेब तिथंच तुझं नाव घालतील."

मायनं फणी थांबवली. तिचा श्वास माझ्या मानेवर लागत होता.

"एवढंच?" मी विचारलं.

"एवढंच गं पोरी. खोटं कुठं बोलायचं आहे? खरंच तर बोलायचं आहे!"

तेच तर होतं. खोटं बोल म्हणाले असते तर सोपं होतं. मला त्यांच्यासमोर खरं बोलायचं होतं. पाया पडून, खाली उभं राहून, मायच्या समोर. आणि माझं खरं त्यांच्या हातातल्या बत्ताशाइतकं करून टाकायचं होतं.

चांदा माझ्या डोळ्यांसमोर आला. मी पाहिलेला नव्हता. किल्ल्याचा तट, त्याच्या आत शाळा, शाळेत नकाशे, न फाटलेले, अख्खे. गुरुजी वाट पाहत होते. माझे पाय अंगणात थरथरत होते, धावत जावं म्हणून.

"गुरुजी," मी म्हटलं, "पृथ्वी गोल आहे. सूर्याभोवती फिरते. उत्तरेले अन् दक्षिणेले जराशी दबलेली आहे. हे तुमाले सांगून राह्यली, तुमी शिकवलं म्हून. तिकडे नाई सांगणार."

"अगं, जागा जाईल!"

"जाऊ द्या."

गुरुजी मायकडे बघायला लागले. तिनं आता मला ओढत नेलं असतं तर मी गेलेही असते. तेवढी मी लहान होते. पण मायचा हात फणीवरून हलला नाही. गुरुजींनी टोपी घातली, पुन्हा काढली, आणि गेले.

ती जागा पुढे मालगुजाराच्या भाचीला मिळाली. तिला जपानची राजधानी येत नव्हती. तिला कुणी विचारलीही नव्हती.

पण ते नंतरचं. त्या सकाळी फणी माझ्या केसांत तशीच रुतलेली होती. मायनं ती काढली नाही. मग तिनं विचारलं,

"मंग आता?"

"आता शिकाचं," मी म्हटलं. "पाचवीचं पुस्तक मागून आणीन. घरी वाचीन. मंग चांद्याले पायी जाईन अन् मोठ्या शाळेच्या दारात बसून राहीन. हाकललं तं दुसऱ्या दिवशी येऊन बसीन. मले आत घेतीन, बाकावर बसवतीन, तवाच तोंड उघडीन. उभ्यानं एक उत्तर देणार नाई."