गादीखालची माती

व्हिडाल टेस्टचा कागद वाचून डॉक्टर मला इंग्रजीत म्हणाले, "तुमच्या वडिलांना टायफॉईड आहे."

टायफॉईड म्हणजे आपल्याकडचा मुदतीचा ताप. व्हिडाल ही रक्ताची तपासणी, तिच्यावरून तो ओळखतात. हे मी मराठीत आप्पांना सांगितलं तेव्हा ते लोखंडी खाटेच्या कडेला पाय सोडून बसले होते. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "मग सोमवारी तालमीत जायला येतंय न्हवं?"

ज्यांच्या घरात असा ताप शिरेल त्यांच्यासाठी मी हे लिहिते आहे. चारचौघांत बोलायला मला जमत नाही. लिहायला त्या मानानं बरं पडतं.

आप्पा निपाणीला तंबाखूच्या वखारीत कामाला होते, पण गावात त्यांना सगळे वस्ताद म्हणत. पहाटे आणि संध्याकाळी ते तालमीत मुलांना कुस्ती शिकवत. एखादा मुलगा दोन दिवस दिसला नाही की ते त्याच्या घरी जात आणि तो बाहेर येईपर्यंत उंबऱ्यावर बसून राहत. मी मात्र बेळगावात, शहापूरला आत्याकडे राहून कॉन्व्हेंटात शिकले. तालमीत बायकांनी पाऊल टाकायचं नाही अशी रीत आहे. त्यामुळे माझ्या वडिलांचं निम्मं आयुष्य मी पाहिलेलंच नव्हतं. ते मला हॉस्पिटलात पाहायला मिळालं.

तापाची सुरुवात साधी होती. डोकं दुखायचं, जीभ पांढरी, आणि ताप रोज कालच्यापेक्षा थोडा जास्त. आप्पांनी त्यावर तालमीतला उपाय केला, जोर मारून घाम काढायचा. घाम निघाला, ताप तसाच राहिला. शेवटी आईनं त्यांना बाबू पैलवानाबरोबर बेळगावला पाठवलं. लढाईचे दिवस होते, पेट्रोलच्या टंचाईनं मोटारी कोळशाच्या गॅसवर चालत. संकेश्वरच्या पुढे चढावर मोटार थांबली, तेव्हा तापानं फणफणलेले आप्पाच सगळ्यांत आधी उतरून ती ढकलायला लागले. बाबू हे इतक्या अभिमानानं सांगत होता की डॉक्टरांसमोर त्याचं भाषांतर करायचं मी टाळलं.

डॉक्टर धारवाडकडचे, कन्नड बोलणारे. मराठी त्यांना तुटकतुटक येई. त्यांनी मला बाजूला घेऊन समजावलं. या तापाला नेमकं औषध नाही, निजून राहणं हेच औषध. आतड्यांना आतून जखमा होतात. त्यात पर्फोरेशन झालं, म्हणजे आतड्याला भोक पडलं, तर आमच्या हातात काही उरत नाही. तिसरा आठवडा सगळ्यांत वाईट. तोवर घट्ट अन्न नाही. बार्लीचं पाणी, ताकाची निवळ, मोसंब्याचा रस. आणि उताणं पडून राहायचं, पोटावर जराही भार द्यायचा नाही. कूस बदलायची ती नर्स बदलेल.

निपाणीहून दोघेतिघे करत पैलवान यायला लागले. रुंद खांद्यांची ती माणसं व्हरांड्यात भिंतीला टेकून अंग चोरून बसत. आत एकेकानंच यायचं आणि जाताना नळावर कार्बोलिक साबणानं हात धुवायचे, असं मी सांगितलं. ते माझ्यापुढे मान खाली घालून रांगेत उभे राहत. मला आयुष्यात प्रथमच कुणाला हुकूम द्यावा लागत होता.

बाबूनं पहिल्याच खेपेला बदाम आणि घरचं तूप आणलं. मी त्याला आतड्यांचं सगळं समजावलं. त्यानं नीट ऐकलं आणि म्हणाला, "पर आक्का, नुसत्या पाण्यावर म्हस तरी हुबी ऱ्हाईल का?"

"नाही द्यायचं."

"बारीक वाटून दिलं तर?"

शेवटी ते बदाम पैलवानांनी व्हरांड्यातच बसून खाल्ले. शेजारच्या पेशंटांच्या नातेवाइकांनाही वाटले.

आप्पांचा एक पठ्ठा, धोंडी, तेवढा कधी आत आला नाही. सदलग्याच्या जत्रेत तो चीत झाला होता, आणि तेव्हापासून लाजेनं त्यानं तालमीच्या मातीत पाय ठेवला नव्हता. आप्पा त्याच्या उंबऱ्यावरही बसून आले होते, उपयोग झाला नव्हता. आता तो इतरांबरोबर दर खेपेला येई, पायरीवर बसे आणि परत जाई.

दुसऱ्या आठवड्यात आप्पांना डिलिरियम झाला. तापात शुद्ध हरपून माणूस बडबडतो, त्याला डॉक्टर हे नाव देतात. घरच्यांनी घाबरून जाऊ नये, ताप उतरला की तेही जातं. आमचे आप्पा बडबडत ती कुस्तीच. "धोंड्या, घाई करू नगं. दम खा. आता पट काढ." वॉर्डातले लोक हळूहळू त्यात रमले. समोरच्या खाटेवरचे म्हातारे सकाळी मला विचारत, काल धोंड्याचं काय झालं.

मग खरी अडचण आली. शुद्ध आली तसे आप्पा उताणे राहीनात. नर्सनं पाठीवर निजवलं की ती वळते न वळते तोच ते पोटावर होत, हातानं खाटेची पट्टी घट्ट धरत. खालच्या पैलवानानं जमिनीला चिकटून राहावं तसे. तिसरा आठवडा लागला होता. डॉक्टर रागावले. उद्यापासून चादरीनं बांधून ठेवू, असं त्यांनी मला सांगितलं. मी ते आप्पांना सांगू शकले नाही.

त्या दुपारी नर्सबरोबर चादर बदलताना मला गादीखाली एक पुरचुंडी सापडली. लाल फडक्यात बांधलेली माती. ताक, तेल आणि हळदीचा वास येत होता, तालमीतून आलेल्या आप्पांच्या अंगाला यायचा तोच.

"ही कुणी ठेवली?" मी विचारलं.

"पोरांनी. ताकद यावी म्हून."

त्यांनी तोंड फिरवलं. मग भिंतीकडे बघत म्हणाले, "सुमे, तालमीची माती हाय ती. तिच्यावर पाठ कशी टेकवू गं?"

पोरांनी प्रेमानं आणली होती, आणि त्या प्रेमानंच आप्पांचं पोट रोज गादीवर दाबलं जात होतं.

मी म्हटलं, माती खिडकीत ठेवते, तुम्हाला दिसेल अशी. मग खाली नुसता कापूस. आप्पांनी विचार केला. "तू म्हणतीस ते बराबर. पर पंचाला इचार."

पंच म्हणजे डॉक्टर. ते संध्याकाळी फेरीला आले. वॉर्ड भरलेला होता, दारात बाबू आणि बाकीचे उभे होते, आणि मला त्या कडक माणसाला विचारायचं होतं की या खाटेवर पाठ टेकली तर हार धरायची का. माझे कान तापले. मी खाली बघत इंग्रजीत सगळं सांगितलं, मातीचंसुद्धा. कुणीतरी हसेल असं वाटलं. कुणी हसलं नाही.

डॉक्टरांनी स्टेथॉस्कोप खिशात ठेवला, आप्पांजवळ गेले आणि मराठीतच बोलले. "वस्ताद, ही कुस्ती वेगळी आहे. ह्यात पाठ टेकून राहील, तो जिंकेल. उठेल, तो हरेल."

आप्पांनी दाराकडे पाहिलं. "ऐकलंसा रं?" मग पट्टी सोडली आणि स्वतः, सावकाश, पाठीवर आले.

त्यानंतर ते हलले नाहीत. खिडकीतल्या पुरचुंडीकडे बघत पडून राहत. ताप जसा चढला होता तसाच पायरीपायरीनं उतरला. पहिला मऊ भात डॉक्टरांनी समोर उभं राहून खायला लावला. तेव्हा व्हरांड्यात एवढी गडबड झाली की नर्स ओरडली.

त्या डॉक्टरांचे आणि नर्सचे उपकार मी विसरणार नाही. आणि तुमचा पेशंट ऐकत नसेल, तर त्याला हट्टी म्हणण्याआधी एकदा त्याची गादी उचलून बघा, एवढं मला सांगायचं आहे.

अंगात चालण्याइतकी ताकद आली तेव्हा आप्पा माती परत द्यायला तालमीत गेले. केस गळून डोकं मोकळं झालं होतं, सदरा खांद्यावरून ओघळत होता. मी दाराबाहेर थांबले. आत सगळी मुलं भिंतीला लागून उभी होती, धोंडी मात्र माझ्या शेजारी, उंबऱ्याच्या अलीकडे.

आप्पांनी पुरचुंडी सोडली, माती कुस्तीच्या हौद्यात पसरली, तिला हात लावून कपाळाला लावला. आणि मग सर्वांसमोर तिच्यावर सरळ उताणे निजले. कुणाला काय करावं कळेना.

"बघून घ्या," ते छताकडे बघत म्हणाले. "पाठ टेकली. मेलो काय मी? लई सराव झालाय आता."

बाबूला पहिलं हसू फुटलं, मग सगळ्यांना. आप्पा उठायला गेले, पण हातांत तेवढा जोर नव्हता. ते तसेच पडून राहिले आणि दाराकडे मान वळवली.

"धोंड्या," ते म्हणाले, "हात दे रं. एकट्याला उठाय येत न्हाय."

धोंडीनं चपला काढल्या आणि उंबरा ओलांडला.