माणशी एक रुपयाचा सूर्यास्त

रविवार, ९ फेब्रुवारी १९५८. ठरलेली रक्कम नऊ रुपये: मास्तरांचे माणशी एक याप्रमाणे पाच आणि बैलगाडीचे चार. हजर मी, माझी बायको, माझी थोरली मुलगी, परभणीहून आलेले एक साहेब आणि त्यांचा मुलगा. मास्तर आणि गाडीवान हे पैसे घेणारे असल्यामुळे त्यांना हजेरीत धरलेले नाही. काम: जिंतूरच्या डोंगरावर जाऊन सूर्य मावळताना पाहणे.

सूर्य मावळणे ही आमच्या गावात काही नवी गोष्ट नव्हती. मी अडत दुकानात मुनीम. दुकानाच्या ओट्यावरून तो रोज जिनिंगच्या चिमणीमागे उतरताना दिसे, तोही फुकट आणि बसल्या जागी. पण आमचा मुलूख मुंबई राज्यात गेला, पुण्याकडचे अंमलदार बदलून इकडे आले, आणि आमच्याकडे काय काय नाही ते आम्हाला कळू लागले. आमच्याकडे चांगली भाजी नाही, वर्तमानपत्र वेळेवर नाही, आमच्या बोलण्यात निम्मे शब्द निजामाचे. आणि आमच्याकडे सूर्यास्त नाही. म्हणजे मावळतो, पण महाबळेश्वरला मावळतो तसा नाही.

ही उणीव भरून काढायचे आमच्या हायस्कुलातल्या ड्रॉइंग मास्तरांनी मनावर घेतले. ते एकदा महाबळेश्वरला जाऊन आले होते. एकदाच, पण परत आल्यावर त्यांची चालसुद्धा बदलली. त्यांनी चहाच्या हॉटेलात स्वतः रंगवलेली पाटी लावली: ‘सूर्यास्तदर्शन सहल. अर्धा दिवस. वाटाड्यासह. माणशी एक रुपया. चहा वेगळा.’ खाली लाल सूर्य काढला होता. आमच्या हॉटेलवाल्याला तो बरेच दिवस बुंदीचा लाडू वाटत होता.

आता मी, नवा पैसा चुकला तरी हिशेब पुन्हा मांडणारा माणूस, या पाटीला कसा बळी पडलो ते सांगतो. माझ्या मुलीसाठी स्थळ आले होते. साहेब पुण्याकडून बदलून आलेले, परभणीच्या कचेरीत मोठ्या हुद्द्यावर, मुलगा ओव्हरसियर, एकुलता. साहेबांनी हुंडा घेणार नाही असे आपण होऊन कळवले होते. तिच्यामागे आणखी दोन मुली होत्या, त्यामुळे हे वाक्य मी पुन्हा पुन्हा वाचले. मला हे स्थळ हवे होते. लपवण्यासारखे त्यात काही नाही.

पण मुलगी कन्याशाळेत शिकवत होती. पहिल्या चार यत्ता ती उर्दूत शिकली, मग पोलिस ॲक्शन होऊन निजामाचे राज्य गेले, मग ती सगळे पुन्हा मराठीत शिकली आणि तिने नोकरी मिळवली. ती मला म्हणाली, “अण्णा, पोहे घेऊन खाली मान घालून मी येनार न्हाई. मला त्यांना एक गोष्ट विचारायची हाय. त्यांनाच. मधे तुमी कुणी बोलायचं न्हाई.”

“काय विचारायचंय?”

“लग्नानंतर शाळा सुटनार का, एवढंच. सुटनार असंल तर मी आत्ताच न्हाई म्हनते.”

गोष्ट एवढीच होती. पण जिंतुरात त्या काळी लग्नाच्या मुलाने आणि मुलीने एकमेकांशी दोन वाक्ये बोलावीत अशी जागा नव्हती. घरात शेजारणी, अंगणात पोरे, देवळात सगळा गाव. उरला डोंगर. तिकडे साहेबांचेही पत्र आले की, “मुलगी दाखवण्याचा जुनाट प्रकार आम्हाला पसंत नाही. एखाद्या निसर्गरम्य ठिकाणी सहज भेट व्हावी. खर्च आपापला.” शेवटचे दोन शब्द वाचून मला माणूस सरळ वाटला.

दुपारी तीनला गाडी निघाली. साहेबांनी कोट, मफलर आणि दुर्बीण असा जामानिमा केला होता. मुलगा वडिलांच्या डाव्या बाजूला बसला होता आणि वडील हलले की हलत होता. माझ्या बायकोच्या मांडीवर एक पितळी डबा होता. साहेबांना वाटले, फराळ. त्यांनी दोनदा त्याच्याकडे प्रेमाने पाहिले.

डब्यात निरांजन, तेलाची बाटली, वाती आणि काड्याची पेटी होती. त्यावरून घरी सकाळी झगडा झाला होता. धाकट्या दोघी मामाकडे गेलेल्या, त्यामुळे घरी मागे कुणी उरणार नव्हते. लग्न झाल्यापासून हिची सांजवात एकदाही चुकली नव्हती आणि मुलीच्या लग्नाची बोलणी असताना घर अंधारात ठेवून, कुलूप लावून डोंगरावर बसायचे, हे तिला मान्य नव्हते. मी म्हटले, शेजारणीला सांग. ती म्हणाली, “शेजारनीनं लावलेली वात शेजारनीला पावती.” तेव्हा तोड निघाली ती अशी: घर येऊ शकत नाही, तर दिवा येईल.

मास्तर पुढे गाडीवानाजवळ बसून, मागे तोंड करून आम्हाला माहिती देत होते. त्यांच्या गळ्यात शिटी होती. रस्त्याकडेच्या प्रत्येक दगडाला त्यांनी नाव ठेवले होते आणि प्रत्येक नावापुढे ‘पॉइंट’ लावला होता. एका खडकाला ते हत्ती पॉइंट म्हणाले.

गाडीवान म्हणाला, “मास्तर, ह्याला आमी म्हशीचं ढुंगन म्हनताव.”

“तू बैलांकडे बघ,” मास्तर म्हणाले.

पुढे चढण लागली तेव्हा गाडी सोडून आम्ही पायी निघालो. वाटेत प्रतिध्वनी पॉइंट होता. मास्तरांनी सांगितले की इथे हाक मारली की डोंगर हाक परत देतो, महाबळेश्वरलाही असेच आहे. साहेब पुढे झाले, मफलर सोडला आणि खड्या आवाजात ओरडले, “ओऽऽ!”

काही झाले नाही. साहेब पुन्हा ओरडले. मग खालच्या ओढ्यातून उत्तर आले, “कोन हाय रंऽऽ? शेळी सापडली काऽऽ?”

खाली एक धनगर आपली चुकलेली शेळी शोधत होता. तो चढून वर आला, साहेबांकडे शेळी नाही हे पाहून त्याने त्यांच्यावर दोन शब्द खर्च केले आणि परत उतरला. साहेब म्हणाले, “आमच्याकडे लोक असे मधे बोलत नाहीत.” त्यांचा मुलगा म्हणाला, “नाहीत.”

दिवसभरात मी त्या मुलाच्या तोंडून ऐकलेल्या शब्दांत हा सगळ्यात ठाम होता. तरी मी मनात त्याच्या बाजूने जमा मांडत होतो. सुपारी नाही, विडी नाही, बूट स्वच्छ. चढणीवर त्याने माझ्या बायकोला हात दिला. आधी त्याने वडिलांकडे पाहिले, पण हात दिला.

माथ्यावर पोचलो तेव्हा सूर्य अजून बराच वर होता. मास्तरांनी आम्हाला एका ओळीत पश्चिमेकडे तोंड करून बसवले, शाळेच्या फोटोला बसवतात तसे. मुलगी एका टोकाला, मुलगा दुसऱ्या टोकाला, मधे आम्ही दोन बाप आणि एक आई. ज्या कामासाठी नऊ रुपये खर्च करून इतक्या वर आलो ते काम या मांडणीत होणे शक्य नव्हते. मी मास्तरांना म्हटले, “जरा मोकळं बसू द्या की.” ते म्हणाले, “दृश्याला शिस्त लागते.”

बसलो. साहेबांनी दुर्बिणीतून पाहिले आणि क्षितिज थोडे कमी पडते म्हणाले. मास्तरांनी त्याबद्दल माफी मागितली. मुलगी माझ्या अंगावरून त्या टोकाकडे पाहत होती. मी एकदा उठून मुलाला म्हटले, “तुम्ही इकडे या, इथून चांगलं दिसतं.” तो अर्धा उठला. साहेब म्हणाले, “इथूनही दिसतं.” तो बसला.

सूर्य खाली आला, मोठा झाला, तांबडा झाला. मास्तर उभे राहिले, शिटी वाजवली आणि कुजबुजले, “आता कोणी बोलू नये. आता बघा.”

“दिवेलागन झाली,” माझी बायको म्हणाली आणि डबा उघडला.

तिथे वारा होता. निरांजन खडकाच्या आडोशाला, पूर्वेच्या अंगाला ठेवावे लागले. काडी विझली. दुसरी विझली. साहेब स्वतः उठून आले, कारण वडीलधारा माणूस दिवा विझताना बघत बसू शकत नाही. त्यांनी कोटाची एक बाजू आडवी धरली. मी दुसरीकडून धोतर धरले. मास्तर “अहो, तिकडे, तिकडे” करत होते, पण त्यांनीही सवयीने ओंजळ आडवी धरली. वात लागली. बायकोने हळदकुंकू वाहिले. आणि मग जे घरी रोज होते तेच झाले: सगळ्यांनी दिव्याकडे तोंड करून हात जोडले आणि डोळे मिटले. कुणी कुणाला सांगितले नाही. लहानपणापासूनची गोष्ट, दिवा लागला की डोळे आपोआप मिटतात. सूर्य आमच्या पाठीमागे होता.

आमच्या घरी एक श्लोक म्हणतात. तो झाल्यावर मी डोळे उघडणार, तोच साहेब म्हणाले, “आमच्याकडे तीन म्हणतात.” आणि त्यांनी दुसरा सुरू केला. आवाज चांगला होता. व्याही होऊ घातलेला माणूस श्लोक म्हणत असताना आपण डोळे उघडणे बरे दिसत नाही.

माझे डोळे मिटलेले होते, कान नव्हते. माझ्यामागून मुलीची चप्पल वाजली. मग तिचा आवाज, हळू पण वर्गात बोलते तसा स्पष्ट:

“मी शाळेत शिकवते. लग्नानंतर पन शिकवनार. तुमाला चालेल का?”

साहेबांचा दुसरा श्लोक संपला, तिसरा सुरू झाला. मला वाटले, मुलगा विचार करतो आहे. चांगले लक्षण आहे. शेवटी तो म्हणाला:

“थांबा. बाबांचं होऊ द्या. विचारून सांगतो.”

“तुमाला काय वाटतं, ते विचारलं मी.”

“हो. तेच विचारतो.”

श्लोक संपला. आम्ही सगळ्यांनी डोळे उघडले, वळलो. पश्चिमेला थोडा तांबूस धूर होता, बाकी काही नव्हते.

“बाबा,” मुलगा म्हणाला, “या विचारतात की लग्नानंतर नोकरी…”

“सूर्य कुठे गेला?” साहेब म्हणाले.

“मावळला,” मास्तर म्हणाले.

“मी पाहिला नाही.”

“मी ‘आता बघा’ म्हणालो होतो, साहेब. शिटी पण वाजवली.”

“बाबा, नोकरी…”

“काय नोकरी नोकरी! नोकरी कशाला करायची? घरात काय कमी आहे? अहो मास्तर, महाबळेश्वरला असं होत नाही. तिथे सूर्य थांबतो.”

मुलगा आमच्या मुलीकडे वळला आणि फार सौजन्याने म्हणाला, “घरात काही कमी नाही.”

उतरताना मास्तर आणि साहेब यांची पैशावरून जुंपली. साहेबांचे म्हणणे, पाहिलाच नाही त्याचे पैसे कसे. मास्तरांचे म्हणणे, मी दाखवला. मिटलेल्या डोळ्यांची हमी पाटीवर लिहिलेली नाही. मी खिशात हात घातला तर बायकोने मनगट धरले. “दिवा लागल्यावर लक्ष्मी बाहेर काडायची न्हाई. सकाळी द्या.” निरांजन तिने कंदिलासारखे पदराआड धरले होते आणि त्या उजेडात आम्ही सगळे वाट शोधत होतो, त्यामुळे तिचे म्हणणे डावलणे कुणालाच परवडणारे नव्हते. पैसे न देण्याला शास्त्राचा आधार मिळाल्याचे साहेबांना बरे वाटले असावे.

साहेब बापलेकांना डाकबंगल्यावर सोडले आणि गाडी घराकडे वळली. बायको म्हणाली, “पोरगा नम्र हाय बरं का. उलटून बोलनारा न्हाई.”

मुलगी म्हणाली, “लय नम्र हाय. पन आई, लग्न मला त्याच्याशी करायचंय का त्याच्या बापाशी?”

“असं बोलू नये.”

“मग काय बोलू? त्याला काय वाटतं ते त्याचा बाप डोळे उघडंपर्यंत त्यालाच ठाऊक नसतं. अण्णा, न्हाई.”

मी बिनहुंड्याचे स्थळ, मागच्या दोन मुली, ओव्हरसियरचा पगार, सगळे एका बाजूला मांडले. दुसऱ्या बाजूला मांडायला माझ्याकडे ‘विचारून सांगतो’ एवढे एकच वाक्य होते. ते मी स्वतः ऐकले होते. मुलीने चुकीचे ऐकले असे म्हणायलाही वाव नव्हता. मी म्हटले, “बरं. सकाळी जाऊन सांगतो.”

“खरंच सांगनार?”

“सांगतो म्हनलं ना.”

गाडीवान पुढून म्हणाला, “बाईचं बरोबर हाय. मी बी बैल घेताना बैलालाच चालवून बघतो, मालकाला न्हाई.” त्याला कुणी विचारले नव्हते, पण मुलगी पहिल्यांदाच हसली.

सकाळी डाकबंगल्यावर गेलो. साहेब बिछाना बांधून तयार होते. मी कुठलेही वळण न घेता सांगितले की मुलीचा नकार आहे, ती नोकरी सोडणार नाही. साहेबांचा चेहरा आदल्या संध्याकाळच्या सूर्यासारखा झाला. हा मात्र मी उघड्या डोळ्यांनी पाहिला. ते म्हणाले, “मुलीचा नकार? आमच्याकडे मुली नकार देत नाहीत. नकार आम्हीच कळवणार होतो.” मी म्हटले, “मग दोघांचं एकमत झालं.” मुलगा त्यांच्यामागे उभा होता. तो माझ्याकडे पाहून काहीतरी बोलणार होता, असे मला अजून वाटते. पण साहेब मोटारीकडे निघाले आणि तोही निघाला.

‘खर्च आपापला’ हा शब्द त्यांनी त्यांच्या परीने पाळला: माझा त्यांनी दिला नाही आणि त्यांचा मी दिला. चुकते केले ते असे: मास्तरांना पाच रुपये, पाचही जणांचे, गाडीवानाला चार, आणि डाकबंगल्याच्या खानसाम्याला, दोन माणसांचे रात्रीचे जेवण आणि सकाळचा चहा, साहेब ‘ते देतील’ म्हणून माझ्याकडे बोट दाखवून गेल्यामुळे, दोन रुपये बारा आणे. मी नव्या पैशांत देत होतो. म्हातारा म्हणाला, “ये नहीं, आने दो,” म्हणून आण्यांत मोजून दिले.