ताप यायच्या आधी

आमच्या ह्यांना सुई दिसली की घाम फुटतो. आणि नशीब बघा, संत्र्याची गाडी घेऊन शेंदूरजनाघाटहून निघाले, ती वळणावर उलटली. बरगड्या मोडल्या, मांडीचं हाड मोडलं, रक्त तर विचारू नका. अमरावतीच्या दवाखान्यात त्यांना वाचवलं, मोठं ऑपरेशन झालं, आणि मग रोज सकाळी रक्त काढणं सुरू झालं.

आठवड्याभरात माणूस पोहे मागू लागला, नर्सबाईशी भांडू लागला. मला तर नाचावंसं वाटत होतं. त्यात घरची संत्र्याची बाग तोडणीला आलेली. "मले घरी ने," हा एकच धोशा. दीर गाडी घेऊन हजर झाले. मीही पिशव्या भरल्या.

तेवढ्यात डॉक्टरीणबाई आल्या. "काकू, नेऊ नका. रक्तातला एक आकडा रोज उतरत होता, आज एकदम चढलाय. आत कुठंतरी जंतू वाढत असतील. ताप नंतर येतो, रक्त कधीकधी आधी सांगतं. औषध आत्ताच सुरू करू, छातीचा स्कॅनही करू. उशीर झाला तर जिवावर बेतेल."

हे उसळले. "मी ठणठणीत हावो! ताप कुठी हाय? बाप दाखव, नाही तं श्राद्ध कर!"

"श्राद्धाचं नाव काढू नोका!" मी अशी ओरडले की दीर दारातच थबकले. तोंड काही थांबेना. "बाग हिरवीगार असते तवा पानं लॅबमंदी तपासाले कोन पाठोते? मी पाठोते काय? पान पिवळं पडल्यावर पाठोलं तं झाड गेलं समजा, असं गावभर कोन सांगत फिरते?"

हे पुन्हा आडवे झाले. मी पिशव्या रिकाम्या केल्या.

स्कॅनमध्ये छातीत पू धरलेला दिसला. नळी घालून तो काढला. संध्याकाळी थंडी वाजून ताप आलाच, पण औषध तोवर सुरू झालं होतं. घरी असतो तर मी तापाची गोळी देऊन वर गोधडी घातली असती. अगं बाई!

सुट्टी मिळायच्या दिवशी नर्सबाईंनी विचारलं, "काय काका, बरं वाटतं ना आता?"

ह्यांनी तोंड भिंतीकडे फिरवलं, डोळे गच्च मिटले आणि बाही वर सरकवली.

"माह्यावर भरोसा ठेवू नोको, बाई. रक्ताले विचार."