दोन्ही हात भिंतीला

बाबांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, तेव्हा मी त्यांना गावाहून हिंगोलीला माझ्याकडे आणलं. आठ दिवस राहा म्हटलं तर तिसऱ्याच दिवशी त्यांना घर खायला उठलं. डॉक्टरांनी टीव्ही कमी पाहा म्हणून बजावलं होतं. बाबांनी त्यातलं 'टीव्ही पाहा' एवढंच ऐकलं. रविवारी दुपारी मी मेथी निवडत बसले होते आणि ते रिमोट घेऊन चॅनेल बदलत होते. बदलता बदलता एका निळ्या तलावाशी येऊन थांबले. परदेशात कुठेतरी मोठी आंतरराष्ट्रीय स्पर्धा चालली होती. बायकांची दोनशे मीटरची अंतिम शर्यत, ब्रेस्टस्ट्रोकची.

"हे तर आपलंच पोहणं हाय," बाबा म्हणाले.

खरंच आपलंच होतं ते. बेडकासारखे हातपाय फाकवून पाणी मागे लोटायचं, मान वर काढून दम घ्यायचा. पण पोहण्याची शर्यत पाहणं मी इतकी वर्षं टाळत आले होते. पेपरात पोहण्याची बातमी दिसली तरी मी पान उलटते. हे घरात कोणाला माहीत नाही, आणि बाबांना तर मुळीच नाही.

मला पोहायला बाबांनीच शिकवलं. ते सिद्धेश्वर धरणाच्या कालव्यावर पाटकरी होते. कोणाच्या शेताला कधी पाणी सोडायचं ते पाहायचे. दिवसभर पाण्याच्या काठाने फिरणाऱ्या माणसाच्या लेकीला पोहता येत नाही, ही त्यांना शरमेची गोष्ट वाटे. आईला ते पसंत नव्हतं आणि गल्लीतल्या बायकांना तर त्याहून नव्हतं. बाबांनी कोणाचंच मनावर घेतलं नाही. मी सात वर्षांची असताना त्यांनी माझ्या पाठीला तेलाचा रिकामा डबा बांधला आणि आमच्या शेताशेजारच्या दगडी विहिरीत मला ढकलून दिलं. मी नाकातोंडात पाणी जाऊन ठसकत वर आले आणि त्यांना जी काही शिवी दिली ती इथे लिहिता येणार नाही. ते काठावर पोट धरून हसत होते.

मग दर रविवारी सकाळी ते दारातून नुसतं "चल" म्हणायचे आणि मी टॉवेल घेऊन त्यांच्यामागे पळायची. विहिरीत आमची शर्यत लागे. या भिंतीला शिवायचं, वळायचं, त्या भिंतीला शिवायचं. भिंतीच्या कपारींत विरोळे असत. हे पाण्यातले साप विषारी नसतात, पण चावले की रक्त काढतात. म्हणून बाबांचा एक नियम होता, आणि तो मोडला की त्या दिवसाचं पोहणं बंद. भिंतीला एकच हात लावायचा. दुसरा हात मोकळा, तोंडासमोर, सापाला उडवायला. आमच्याकडची सगळी पोरं असंच पोहायची. मला वाटे, जगात असंच पोहतात.

दहावीत असताना शाळेने माझं नाव जलतरण स्पर्धेसाठी पाठवलं. जिल्ह्यातून दुसऱ्या कुठल्याच मुलीने अर्ज भरला नव्हता, त्यामुळे मी बिनविरोध निवडून आले. विभागीय स्पर्धा औरंगाबादला होती. बाबांना यायचं होतं. चार दिवस आधीपासून त्यांनी धुवून ठेवलेला सदरा खुंटीला लावला होता. पण नेमकी गव्हाच्या पाण्याची पाळी सुटली आणि पाटकऱ्याला कालवा सोडून जाता येईना. मला खेळाचे सर घेऊन गेले. सर कबड्डीचे. पोहण्यातलं त्यांना एवढंच ठाऊक होतं की शिट्टी वाजली की उडी मारायची.

आयुष्यात पहिल्यांदा मी तळ दिसणारं पाणी पाहिलं. परभणीच्या एका मुलीने तिचा जादाचा पोहण्याचा पोशाख मला दिला. तो मला काखेत काचत होता. शर्यत याच बेडकासारख्या पोहण्याची, शंभर मीटर, म्हणजे एकदा जायचं आणि वळून परत यायचं. त्या शर्यतीत मी कशी पोहले ते कधीच कोणाला सांगितलं नाही, म्हणून इथे सांगते. मी मस्त पोहले. निम्म्यात आल्यावर माझ्या दोन्ही बाजूंना कोणीच नव्हतं. परतताना मला एकच वाटत होतं की बाबा काठावर असते तर ओरडून त्यांचा घसा बसला असता. मी भिंतीला हात लावला, वळून पाहिलं, आणि बाकीच्या मुली अजून येतच होत्या.

निकालात माझा नंबर वाचला नाही. सर पंचांच्या टेबलापाशी जाऊन भांडायच्या बेतात होते, तेव्हा तिथल्या एका बाईंनी मला जवळ घेऊन समजावलं. या प्रकारात दोन्ही हात एकाच वेळी भिंतीला लागावे लागतात. तू जाताना एक लावलास, येताना एक लावलास. बाद. त्या चांगल्या होत्या, त्यांनी दोनदा सांगितलं. मला पहिल्या वेळीच कळलं होतं.

एसटीत मी सरांना गळ घातली की बाबांना यातलं काही सांगू नका. ज्या माणसाने मला साप चावू नये म्हणून एक हात जपायला शिकवलं, त्याला मी कोणत्या तोंडाने सांगणार होते की त्याच हाताने मला हरवलं? घरी आल्यावर मी सांगितलं की दम तुटला, शेवटून दुसरी आले.  बाबा म्हणाले, आसू दे. आणि कालव्यावर निघून गेले.

त्यानंतर ते मला कधीच विहिरीवर घेऊन गेले नाहीत. पहिल्या रविवारी मी टॉवेल काढून ठेवला होता. दुसऱ्या रविवारीही ठेवला. मला वाटलं, हरलेल्या लेकीची त्यांना लाज वाटते. मीही त्यांचीच लेक. तोंड उघडून विचारायचं नाही म्हणजे नाही. मग बारावी, डीएड, नोकरी, लग्न. पाण्यात मी परत उतरले नाही. कपडे धुताना बादलीत कोपरापर्यंत हात गेले की अजून माझे खांदे आपोआप हलतात. हे सांगायला मला लाज वाटत नाही.

तर टीव्हीवर शर्यत संपली. दुसरी आलेली मुलगी टोपी काढून हसत होती आणि तेवढ्यात फलकावर तिच्या नावापुढे बाद असं आलं. हिंदीतून बोलणारा माणूस सावकाश समजावत होता, आणि तोच क्षण पुन्हा पुन्हा दाखवत होते. तिचा एक हात भिंतीला लागलेला, दुसरा मागे राहिलेला.

"काय केलं तिनं?" बाबांनी विचारलं.

मला काहीही ठोकून देता आलं असतं. एवढी वर्षं दिलंच होतं. पण त्या मुलीचा चेहरा समोर होता, आणि मला खोटं बोलायचा कंटाळा आला होता. मी नियम सांगितला. बाबा पडद्याकडे पाहत राहिले.  मग त्यांनी टीव्ही बंद केला.

"तवा तू किती हात लावले व्हते?"

"एक."

"मंग दम तुटला न्हवता तुझा."

"न्हाई. सगळ्यांच्या पुढं आले व्हते."

ते माझ्याकडे पाहीनात. रिमोट मांडीवर ठेवून म्हणाले, "मला वाटलं, लेकराला पाण्याची धास्ती बसली. इतकं चांगलं पोहणारं पोरगं दम तुटून मागं ऱ्हातं म्हंजी आतून भ्यालेलं आसतं. म्हनून मी तुला परत कधी चल म्हनलं न्हाई. तुला तकलीफ नको."

मेथीची जुडी माझ्या हातात तशीच होती. इतक्या वर्षांचे किती रविवार झाले असतील, ते मोजायची माझी हिंमत झाली नाही.

"मला बक्षीस नको व्हतं, बाबा," मी म्हणाले. "मला निस्तं तुमच्यासंगं पोहायचं व्हतं."

"मला बी," बाबा म्हणाले.