दिलेली रँक नको म्हणणारी संगीता

संगीताच्या भावाचं मरण मी माझ्या नावावर खपवलं होतं.

आज सकाळी संगीता गेली. कॅन्सर होता.
ही गोष्ट तिने आयुष्यात कुणाला सांगितली नाही. म्हणून मला सांगायला हवी.

अठ्ठ्याण्णव साल. उल्हासनगरला कॉलेजात आम्ही एका बाकावर. मी तिथल्याच कॅम्प २ची, इंग्लिश मीडियमवाली. ती अंबरनाथची, मराठी मीडियमची. तिचे बाबा फॅक्टरीत कामगार.

आमच्या मार्केटमध्ये एका कपड्यांच्या दुकानावर नवीन सायबर कॅफे निघाला होता. तिथे मला एक ग्रुप सापडला. ईमेलवर चालणारा.

जगभरातली वीसेक माणसं मिळून एका अंतराळयानाची गोष्ट लिहायची. प्रत्येकाचं एक पात्र. एकाने लिहायचं, दुसऱ्याने तिथून पुढे न्यायचं. सगळं इंग्रजीत.

चांगलं लिहिलं की रँक वाढायची. कॅडेट, एन्साइन, लेफ्टनंट, कमांडर.
प्रमोशन द्यायची आमची कॅप्टन, मार्गारेट. कॅनडात शिक्षिका होती.

आमचं पात्र म्हणजे यानावरची डॉक्टर.
आमचं म्हणजे काय, तर नाव माझं, ईमेल माझा. गोष्ट संगीताची.

रविवारी सकाळी ती अंबरनाथहून यायची. बाजूच्या स्टुलावर बसून मराठीत सांगायची, मी इंग्रजी करून टाइप करायचे. तिला कसं काय सुचायचं, देव जाणे. म्हणजे तिचा देवावर विश्वास नव्हता, तो माझा.

एन्साइन झालो तेव्हा दोघींनी खाली गाडीवर दाल पकवान खाल्लं.
लेफ्टनंट झालो तेव्हाही.
पण ग्रुपवर अभिनंदन फक्त माझं व्हायचं. मी कधी म्हटलं नाही की आम्ही दोघी आहोत. संगीतानेही विचारलं नाही.

कमांडरसाठी एकट्याने एक मोठा भाग लिहायचा होता. डॉक्टरच्या भूतकाळाबद्दल.

संगीताने तिच्या धाकट्या भावाचं सांगितलं. विकासचं. तीन वर्षांचा होता, तापात गेला. तो गेल्यावर तिची आई आठवडाभर रोज त्याचे धुतलेले कपडे परत धूत होती. कुणी अडवलं नाही.

मी ते टाइप केलं. टाइप करताना रडले. ती नाही रडली.

मार्गारेटचा मेल आला. कमांडर. आणि खाली एक ओळ, हे तुझ्या घरी खरंच घडलंय का?

मी लिहिलं, हो. माझा भाऊ होता.

कुणीतरी माझ्यासाठी हळहळत होतं, ते मला हवं होतं. एवढंच.

पुढच्या रविवारी मेलबॉक्स उघडा होता, मी पाणी प्यायला उठले होते. परत आले तर संगीता स्क्रीनवर बोट ठेवून एकेक शब्द वाचत होती.

तिने माझ्याकडे बघितलं.
"तुझा भाऊ कधी गेला गं?"

तिने पर्स उचलली आणि निघून गेली.

कॉलेजात तिने बाक बदलला.

तीन आठवडे मी कसे काढले माझं मला माहीत. मग मार्गारेटला सगळं खरं लिहिलं. तिचं उत्तर चार ओळींचं होतं. मला परत कॅडेट केलं होतं. आणि संगीताला कमांडर म्हणून बोलावलं होतं.

ते उत्तर प्रिंट करून मी अंबरनाथला तिच्या घरी गेले. तिच्या आईने चहा ठेवला. "बस ना बाळा, किती दिवसांनी आलीस," म्हणाल्या. त्यांच्याकडे बघवत नव्हतं.

संगीताने कागद वाचला.
"कमांडर नको मला."
"अगं, तुझंच आहे ते."
"ते इंग्रजी तुझं आहे. मी खालून सुरू करते. कॅडेट."

आणि तिने केलं.

वहीत आधी पेन्सिलीने लिहायची. डिक्शनरी घेऊन यायची. कॅफेत दुसऱ्या मशीनवर बसायची, माझ्याकडे बघायचीही नाही. पहिला मेल सहा ओळींचा होता. एका बोटाने टाइप केलेला.

या वेळी तिचं पात्र डॉक्टर नव्हतं. यानाच्या कँटीनमधली बाई होती. सगळ्यांना त्या बाईशी बोलायचं असायचं. मोठमोठ्या रँकचे लोक आपली पात्रं कँटीनमध्ये आणून बसवायचे.

एन्साइन व्हायला तिला सात महिने लागले.

त्या दिवशी मी तिच्या मशीनपाशी गेले.
"अभिनंदन."
"वाचलंस?"
"हो."
"चुका किती होत्या?"
"तीन."
तिने स्टूल ओढून पुढे केलं. "दाखव."

नव्याण्णव संपता संपता ती लेफ्टनंट झाली. मी कॅडेटच राहिले. नंतर ग्रुप बंद पडला.

तिला नोकरी लागली, लग्न झालं, बदलापूरला हेंद्रेपाड्यात घर झालं. ऑफिसातली इंग्रजी पत्रं सगळे तिच्याकडून लिहून घ्यायचे. आमची मैत्री परत झाली. पण स्वतःच्या घरातलं काही तिने मला पुन्हा सांगितलं नाही. आजाराचंही मला तिच्या मुलीकडून कळलं.

गेल्या महिन्यात हॉस्पिटलमध्ये मी विचारलंच.
"संगीता, तू मला माफ केलंस का गं?"

"विकासचं नाही केलं," म्हणाली. "पण तू आलीस की बरं वाटतं."

मग म्हणाली, उशी जरा वर कर.
मी केली.

अंत्ययात्रा दुपारी चारला, हेंद्रेपाड्यातल्या घरून निघेल. ज्यांना जमेल त्यांनी या.

संगीता, तुला शेवटचा जय भीम.