जिवंत माणसाला वाहिलेली श्रद्धांजली

हिंदी मुलखातल्या आमच्या शहरात, अधारताल भागातल्या घरी, पुढच्या खोलीत, मी आणि माझ्या कॉलेजातल्या मित्राने शहराचं ऑनलाइन मासिक सुरू केलं. म्हणायला मासिक, पण मजकूर रोज टाकायचो. नाटकं, जुनी दुकानं, कुठल्या मोहल्ल्यात नळ कोरडे. सगळं हिंदीत. मित्र हिंदी घरातला. माझे बाबा फॅक्टरीच्या नोकरीसाठी विदर्भातून आलेले. किती जणांनी पान उघडलं हे बघितल्याशिवाय मला चैन पडायचं नाही. भाजी चिरतानाही फोन शेजारी.

"काहून एवढी तडफडून राहिली?" आई म्हणायची. "बातमी काय पळून चालली?"

एका सकाळी निरोप आला, ओमती मोहल्ल्यातले चित्रकलेचे निवृत्त मास्तर गेले. अर्ध्या शहराला त्यांनी शिकवलेलं. मित्र म्हणाला, "रुक जा, एक बार घर पे पूछ लेते हैं." मी म्हटलं, तेवढ्यात दुसरे टाकतील. अर्ध्या तासात लेख लिहून फोटोसकट टाकला. खाली जुन्या विद्यार्थ्यांची रीघ लागली. असे वाचक आम्हाला कधी मिळाले नव्हते, आणि मी खूश होते. ते आठवलं की अजून लाज वाटते.

दुपारी फोन आला.

"जय भीम बाई. मी मास्तर बोलून राहिलो. चांगलं लिहिलं तुम्ही. फक्त मी अजून गेलो नाही."

त्यांच्याच नावाचे दुसरे कुणी गेले होते. मी माफी मागू लागले, तर ते मधेच म्हणाले, "ते राहू द्या. तुमचं वाचून माझी पोरगी नागपूरहून गाडीत बसली. तिचा फोन लागून नाही राहिला."

रात्री मी त्यांना रिक्षाने स्टेशनवर नेलं. गाडी उशिरा होती. म्हातारा बाकावर शांत बसलेला आणि मी प्लॅटफॉर्मच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत येरझारा घालत होते. गाडी आली. सुजलेल्या डोळ्यांनी मुलगी उतरली, समोर बाप उभा. ती बॅग टाकून मटकन खालीच बसली. त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला.

मग तिने माझ्याकडे पाहिलं. "तुम्ही कोण?"

"लिहिणारी मीच."

"एक फोन नाही करता आला तुम्हाला?"

मी तिची पडलेली बॅग उचलली.

मित्राचं म्हणणं, लेख गुपचूप काढून टाकू. मी वर मोठ्या अक्षरांत चूक कबूल केली. लेख मात्र मास्तरांनीच ठेवायला लावला. "पोरांनी खाली काय काय लिहिलं, ते सगळं वाचतो मी," म्हणाले.

पुढे मित्र नोकरीसाठी इंदूरला गेला. मी एकटीने दीडेक वर्ष रेटलं. प्रत्येक बातमीसाठी दोन-दोन फोन करायची, मजकूर उशिरा जायचा, वाचक पांगले. मग साइटची वर्षाची फी मी भरलीच नाही, ती बंद पडली.

आता नातेवाइकांच्या ग्रुपवर कुणी गेल्याचा निरोप आला की मिनिटभरात हात जोडलेल्यांची रांग लागते. मला मात्र बसवत नाही. मी उठते आणि त्या घरचा नंबर शोधू लागते.