आधी स्वतःच्या पोटात

माझ्या साडूंइतका हट्टी माणूस साऱ्या माळव्यात झाला नाही. आणि हे मी सांगतो आहे, ज्याच्या हट्टाला अख्खं धार गाव कंटाळलं. मी चौथीही पास नाही, पण माणूस मला कळतो. साडू देवासला असत. संस्थान विलीन झालं, त्यांची कारकुनी गेली, आणि ते अळंबीच्या नादाला लागले. उदयनगरच्या जंगलातून खोडावरची लाकडासारखी टणक अळंबी आणायची, सहाणेवर उगाळायची, काढा करायचा. आता डॉक्टर ज्यांना विषाणूची म्हणतात त्या दुखण्यांवर, गोवर म्हणा, नागीण म्हणा, इलाज अळंबीतूनच निघणार, हे त्यांनी ठरवूनच टाकलं होतं. घराच्या कुजक्या चौकटीला अळंबी फुटली तर सुताराला म्हणाले, "ती राहू द्या, दार दुसरीकडे करा." पुतणीच्या लग्नात मांडवाचा खांब चाकूनं खरवडत होते. मुंडावळ्या बांधलेला नवरा बघत राहिला, तर त्यालाच माळवी थाटात 'भाऊ'चं 'भिया' करून म्हणतात, "भिया, तुमचं चालू द्या!" पण एक नियम कधी मोडला नाही. नव्या अळंबीचा काढा आधी स्वतः प्यायचा, दोन दिवस थांबायचं, मग रोग्याला.

एका वर्षी माझ्या बायकोला नागीण उठली. कमरेला अर्धा वेढा पडला. तोंड-शेपटी जुळली की माणूस जातो, असं आमच्यात मानतात. साडू बाटली घेऊन आले, पेलाभर स्वतः प्याले आणि ओसरीवर बसून राहिले.

"तिला द्या ना!"

"परवा."

"परवापर्यंत जुळेल ती! भित्रे आहात तुम्ही."

"असेन. तिचं पोट काय मला परीक्षेला दिलंय?"

आतून बायको कण्हत म्हणाली, "भाऊजींना चहा तरी विचारलात का?"

सकाळी ते आंघोळीला गेले तेव्हा मी बूच काढून बाटली तिच्या तोंडाशी नेली. तिनं मान फिरवली. "भाऊजी परवा म्हणालेत."

दुपारी साडूंना ओकाऱ्या सुटल्या, त्या थांबेनात. अळंबीची जात निराळी निघाली होती. संध्याकाळी डोळे उघडले तेव्हा पहिलं विचारलं, "तिला दिलं नाही ना कुणी?" मी बूच लावलेली बाटली त्यांच्यापुढे ठेवली. त्यांनी काढा मोरीत ओतला. नागीण आपोआपच उतरली.

माफी मी जन्मात कुणाची मागितली नाही, त्यांचीही नाही. ते जाऊन पुष्कळ वर्षं झाली. आता कुणी नवं औषध पुढे केलं की मी विचारतो, "तुम्ही घेतलंत का आधी?" डॉक्टर हसतात. बायको हसत नाही.